नक्षीला नाव नसते

दिवाळी अंक हाती आला की आपण आधी अनुक्रमणिका पाहतो, असे सगळेच सांगतात. खरे विचाराल तर आधी पाहिले जाते ते मुखपृष्ठ. वडीलधारी मंडळी लेखकांच्या नावांपर्यंत पोचतात, तोवर पोरांनी आतली चित्रे केव्हाच संपवलेली असतात. मी कादंबऱ्या लिहितो. पुस्तकावर माझे नाव ठसठशीत छापतात. ज्याच्या चित्रापाशी गिऱ्हाइकाचे पाऊल थबकते, त्याचे नाव मात्र आतल्या पानावर, मुद्रकाच्या शेजारी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत असते.

याला अपवाद झाले. गोव्यात 1916 साली जन्मलेले दीनानाथ दलाल हे त्यांतले मोठे. त्यांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला. दुसऱ्याच्या दाराशी चित्र घेऊन उभे राहण्याऐवजी स्वतःचेच दार बांधले म्हणा ना! 1971 साली ते गेले, पण चित्राच्या कोपऱ्यातली त्यांची सही ओळखणारी माणसे घरोघरी होती.

चित्राला निदान सहीपुरता कोपरा असतो. नक्षीला कोपराच नसतो! लुगड्याचा काठ, पलंगपोस, वहीचे वेष्टन यांवर रोज आपला हात फिरतो. पण ही वेल प्रथम कोणी काढली, असे आपण कधी विचारले आहे काय?

आमच्या वाशीमला हे कोडे फार जुने आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. पाचव्या शतकात येथल्या हरिषेणाच्या राज्यात अजिंठ्याची लेणी रंगली. 16 क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात त्याचा मंत्री वराहदेव नावानिशी उभा आहे. पण छतांवर कमळे, फळे, हंस आणि वेली रेखणाऱ्यांची नावे? ती कोणी कोरली नाहीत. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत बसले आणि तेरा वर्षे नकला करीत राहिले. त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, त्यावर नाव साहेबांचे. नक्षी तेवढी अजून अनाथच.

हे आठवायला कारण झाली माझी एक विद्यार्थिनी. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची मुलगी. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत जा; बंजारा बायकांच्या कांचळ्यांवर आरसे, कवड्या आणि टाके यांची काय दाटी असते! ती नक्षी या मुलीच्या बोटांत आजीकडून आलेली. शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेत संकल्पचित्राचा कागद हाती पडला की तिचा चेहरा उजळे. शिक्षण संपल्यावर तिने ठरवले, नोकरी करायची नाही; घरी बसून पुस्तकांची चित्रे आणि कापडाच्या नक्ष्या काढायच्या.

वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, चित्रं काढून कोनाचं पोट भरते काय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. तिने पहिली नक्षी एका व्यापाऱ्याला एकरकमी विकली होती, आणि चार महिन्यांनी तीच नक्षी वाशीमच्या बाजारात चादरींवर टांगलेली पाहिली होती. ढीग व्यापाऱ्याचा, हिच्या पदरी तेवढीच रक्कम.

ती रडत बसली नाही. कसब तिच्याकडे होतेच. कागदावर फूल काढायचे, कागदाचे चार तुकडे करून त्यांच्या जागा अशा बदलायच्या की बाहेरच्या कडा मधोमध याव्यात, आणि मध्ये उरलेली मोकळी जागा भरायची. मग तो चौकोन कितीही वेळा शेजारी मांडा, सांधा दिसत नाही. आता ती व्यवहार शिकली. आम्ही दोघांनी कायद्याची पुस्तके धुंडाळली, तेव्हा मोठी मौज कळली. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असे आहे की, नोंदणीजोगी नक्षी नोंदवली नाही आणि मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती यंत्रावर पन्नासापेक्षा अधिक वस्तूंवर उतरली, की तिच्यावरचा तो हक्क संपतो. अजिंठ्याच्या कारागिराला निदान हा पन्नासाचा आकडा ठाऊक नव्हता! नक्षी बाजारात येण्याआधी 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदवावी. दहा वर्षे, आणि पुढे वाढवून घेतली तर आणखी पाच वर्षे ती आपली राहते. शिवाय नक्षी विकण्याऐवजी ठराविक मुदतीपुरती वापरायला देता येते.

तेव्हापासून तिने एक वही घातली आहे. नक्षी कोणती, कोणाला दिली, कोणत्या वस्तूसाठी, किती दिवसांसाठी, रुपये किती, असे पाच रकाने. पुस्तकाची चित्रे असतील तर सहावा रकाना: नाव कुठे छापणार? पैसे अजून पावसासारखेच येतात, कधी झड तर कधी उघाड. तरी गेल्या वर्षी घरावरचे पत्रे तिच्या पैशांतून बदलले.

परवा तिच्या वडिलांनी ती वही चाळली. सोयाबीनची पट्टी वाचावी तशी बोट ठेवून, रकान्यामागून रकाना. मग मान वर करून मला विचारले, "हा भाव कोन ठरवते?"

"तीच ठरवते," मी म्हणालो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या मालाचा भाव आम्हाले कधी ठरवता आला नाही, सर. करू द्या पोरीले."