गोदावरीचें पाणी व दक्षिणेची वाट

शरदांत विष्णुपुरीच्या बंधाऱ्यामागें गोदावरी भरली, म्हणजे शिडाच्या नावेनें दक्षिणेस जावें असें आम्हांस वाटतें. वाचकांनीं हसूं नये. मधले खडकाळ प्रवाह वगळले, तर वाट होती. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरम् येथें कॉटनसाहेबांनीं १८५२ त बंधारा पुरा केला. तेथील कालवे पुढें कृष्णेच्या कालव्यांस व बकिंगहॅम कालव्यास जोडून मद्रासपलीकडे मरक्काणमपर्यंत जलमार्ग झाला. आश्विनाअखेर वारा ईशान्येचा होऊन शीड भरे; वारा पडला कीं खलाशी काठावरून दोरानें नाव ओढीत. मद्रास शहरांतला तुकडा १८७७-७८ च्या दुष्काळांत पोटासाठीं राबणाऱ्यांनीं खणला, हें आठवलें कीं सहलीची गोडी उणी होते. पुढें आगगाडी आली, गाळ सांचला, नावा गेल्या. विष्णुपुरीचें पाणी आतां उपसून शेतांस देतात. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. घरांत आहे ती भिंतीवर डकवलेल्या कालव्यांच्या नकाशाविषयीं.