उकल आणि इतिहास : बालाघाटातील रहस्यकथेची शक्यता

किशोरांसाठीची ऐतिहासिक रहस्यकथा दोन परस्परविरोधी करारांनी बांधलेली असते. रहस्यकथेला संपूर्ण उकल द्यावी लागते. मराठीतील किशोरांसाठीचे ऐतिहासिक कथन मात्र बहुधा प्रेरणा देण्यातच कृतार्थ होत आले आहे. व्हर्जिनिया हॅमिल्टन यांच्या 'द हाउस ऑफ डाइज ड्रिअर' (१९६८) या कादंबरीत हा पेच सुटलेला दिसतो. डोंगराळ मुलखातून ओहायोत आलेला कृष्णवर्णीय मुलगा जुन्या घराच्या भुयारांचा माग काढतो आणि गुलामगिरीतून निसटणाऱ्यांच्या इतिहासाशी पोहोचतो. तेथे रहस्य वरून लादलेले नाही; गुप्तता ही त्या इतिहासाचीच रीत होती.

नांदेड-लातूरच्या बालाघाटात अशी कादंबरी कोणत्या सामग्रीतून घडेल? कंधार-उदगीरच्या किल्ल्यांतील भुयारे आणि गुप्तधन ही हाताशी असलेली उत्तरे. पण ती कोणत्याही किल्ल्याला लागू पडावीत. या प्रदेशाचे स्वतःचे कूट घरातल्या ट्रंकेत आहे. निजामी राजवटीत वरिष्ठ कारभाराची भाषा उर्दू होती; १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. पणजोबांचे कागद पणतूला वाचता येत नाहीत. इतरत्र लेखकाला सांकेतिक लिपी कल्पावी लागते. इथे ती भाषिक इतिहासानेच देऊन ठेवली आहे. कागद लावून घेण्यासाठी मुलाला उर्दू जाणणाऱ्या एखाद्या वृद्धाच्या दारी जावे लागेल, आणि तिथून शोध अवघड होत जाईल.

कारण माग १९४८ पाशी येतो. रझाकारांचे अत्याचार आणि मुक्तिसंग्रामातील शौर्य मुलांना दर १७ सप्टेंबरला सांगितले जाते. पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर झालेली हिंसा त्या कथनात सहसा येत नाही. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड होते. आजच्या लातूर जिल्ह्याचा बहुतांश मुलूख तेव्हा पहिल्या दोहोंत विभागलेला होता. तो अहवाल दीर्घकाळ बंदिस्त राहिला.

रझाकारांपाशी थांबणारी कथा अर्धी उकल देईल. त्यांना वगळून पुढचे तेवढे सांगणारी कथाही अर्धीच. मुलांना हे पेलणार नाही, ही सबब टिकत नाही. ओस पडलेला वाडा कुणाचा, हे मूल विचारतेच. त्या प्रश्नाला बगल देणारी कादंबरी इतिहासाच्या आधी आपल्या साहित्यप्रकाराशीच बेइमान ठरेल.