तणावा

तंबूच्या दोरीला मराठीत ‘तणावा’ म्हणतात, हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात. त्यांना ‘तणाव’ तेवढा ठाऊक! आमच्या घरी मात्र परवा दोन्ही एकदमच आले.

चिरंजीवांनी हलका तंबू मागवला. दोरी २ मिलिमीटरची आणि ती ताणायला प्लॅस्टिकच्या इवल्याशा कड्या. “गाठीची कटकटच नको, बाबा!”

मी म्हटलं, “अरे, कडी दोरीच्या जाडीची हवी. ३ मिलिमीटरची कडी बारीक दोरीला धरत नाही.” झालं! दोन दिवस अबोला.

कळंबजवळच्या आमच्या शेतात मुक्काम केला. मध्यरात्री वारा सुटला, कड्या सरकल्या आणि तंबू आमच्या अंगावर! चिरंजीव निमूट उठले. “बाबा, तुमची ती गाठ दाखवा ना.”

बॅटरीच्या उजेडात दाखवली : खुंटीला फेरा, मग ताणलेल्या दोरीवर आत दोन वेढे, बाहेर एक. दोरी गुळगुळीत, म्हणून आत आणखी एक. ही गाठ हातानं सरकते, पण ओढ बसली की घट्ट धरते.

पहाटे दवानं नायलॉन सैलावलं. चिरंजीवांनी न सांगता गाठ सरकवली. ‘सांगितलं होतं ना?’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. तुटेपर्यंत कशाला ताणा?