‘पथेर पांचाली’ची वकिली

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदर यांनी १९५८ साली ‘पथेर पांचाली’ची रचना सैल आणि गती मंद ठरवली, त्याची चीड आम्हा राय-भक्तांना अजूनही येते. मग आम्ही सांगू लागतो : पत्नीचे दागिने गहाण टाकून, पैशाअभावी चित्रीकरण थांबवीत केलेला हा चित्रपट! खरेच आहे, पण संकलनावरील आक्षेपाला दागिने हे उत्तर कसे? दारिद्र्यातही न आटणाऱ्या प्रेमाच्या दर्शनाने क्राउदर त्याच परीक्षणात हेलावलेले दिसतात, हे मात्र आम्ही सोयीस्करपणे गाळतो. मला तर ती मंद गतीच मोलाची वाटते. मिठाईवाला, त्याच्यामागून अपू-दुर्गा, मागे कुत्रे : तळ्यात उलटी उमटलेली ती वरात घाईच्या संकलनात दिसलीच नसती.