तीन संगिनी

छंद कोणाला कशाचा असावा, याला नियम नाही. तिकिटे आणि नाणी जमवणाऱ्याकडे जग कौतुकाने पाहते. मी मात्र इंग्रजी फौजेच्या जुन्या संगिनी जमवतो. खंडेनवमीला पूजेसाठी त्या बाहेर काढल्या, की सौभाग्यवती हटकून विचारतात, "अहो, मराठीच्या प्राध्यापकाला ही हत्यारे कशाला?"

"अगं, शब्दाच्या मागे गेलो आणि वस्तू सापडली," मी म्हणतो. ते अगदीच खोटे नाही. फारसीत 'संग' म्हणजे दगड आणि 'संगीन' म्हणजे दगडासारखे भक्कम. तोच शब्द पुढे बंदुकीच्या टोकावर जाऊन बसला.

संग्रह म्हणजे तीन नग. आमच्या ओरोसला कचेऱ्या उदंड, पण जुन्या वस्तूंचा बाजार नाही. शस्त्रांच्या सरकारी यादीत तलवार-भाल्यांच्या पंक्तीला संगीनही बसते, म्हणून पहिली घरी आणण्यापूर्वी कचेरीत चौकशीला गेलो. तिथल्या कारकुनाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "सर, नारळ सोलूक व्हयी काय?"

ही पहिली १९०७ च्या नमुन्याची. पाते तब्बल सतरा इंच. दुसरी दुसऱ्या महायुद्धातली, आठ इंचांचा नुसता टोचा. तिसरी ईशापूरच्या कारखान्यातली, आखूड, बारा इंचांची. पात्याच्या मुळाशी कोरलेल्या खुणा भिंगाखाली वाचत बसणे, हे या छंदातले खरे सुख. एका बाजूला मुकुट, नमुन्याचे साल, घडवल्याचा महिना. दुसऱ्या बाजूला सरकारी बाण आणि एक फुली. पाते वाकवून पाहिले, ते पुन्हा सरळ झाले, अशी त्या फुलीची ग्वाही.

तिसरी संगीन माझ्या आजोळची. आजोबा मराठा पलटणीत होते. १९४४ साली इटलीत लढले. रायगडातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे त्याच मोहिमेत १० जुलैला पडले. सोबती कोसळल्यावर ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. काडतुसे भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा ही हकीकत छाती फुगवून सांगत. स्वतःविषयी मात्र चकार शब्द नाही.

घरी परतल्यावर त्यांनी ही संगीन टोक वर करून मागीलदारी एका ओंडक्यात पक्की बसवली. पुढे घरातले सारे नारळ तिच्यावर सोलले गेले. सोलायचे आजी, मामा, गडीमाणसे. आजोबांनी एकही सोलला नाही. सोडणे निघण्याचा करकर आवाज सुरू झाला, की ते उठून माडांत निघून जात. आम्हा मुलांना वाटे, म्हातारा कामचुकार आहे!

आजोबांच्या मागे मी मामीकडे ती मागितली. "व्हर रे," मामी म्हणाली, "पण माका एक पारय आणून दी." सौदा झाला. घरी येऊन गंज काढला, आणि त्याखाली ती फुली दिसली. पोलाद सरळ झाले की नाही, हे कोणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहिले होते. पलटणीतून परतलेल्या माणसाची तशी पारख करायला कोण होते? आम्ही तर त्याला हसलो होतो.

हे सारे मी यंदा सौभाग्यवतींना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन त्यांनी तिसऱ्या संगिनीवरून हलकेच फिरवला आणि झेंडूचे फूल तिच्यावर आपल्या हाताने वाहिले.