“मॅडम, हे आता देऊळ राहिलेलं नाही”

आमच्या गाईडचं हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. त्या माणसावर माझा राग नाही. भर उन्हात रोज तेच दगड दाखवून पोट भरणारा, घामाने निथळणारा माणूस तो. राग आहे तो त्या वाक्याचा, आणि ते ऐकून आमच्या गटातले लोक ज्या तऱ्हेने एकमेकांकडे बघून हसले त्याचा.

मी सोलापूरची. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. लेक सिसिलीत पालेर्मोला पीएचडी करते. तिच्याकडे गेले असताना जुलैच्या सुरुवातीला आम्ही दोघी आग्रिजेंतोला जाऊन राहिलो. सिसिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हे पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं गाव. ग्रीकांनी इ.स.पू. 580 च्या सुमारास वसवलं तेव्हा त्याचं नाव आक्रागास. पुढे कित्येक शतकं ते गिरगेंती म्हणून ओळखलं गेलं आणि 1927 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीत त्याचं आग्रिजेंतो झालं. नोबेल मिळालेला नाटककार पिरांदेल्लो इथलाच. गाव टेकडीवर आहे, आणि ग्रीकांची देवळं खाली, समुद्राच्या बाजूच्या लांबट कड्यावर ओळीने उभी आहेत. त्या कड्यालाच ‘देवळांची दरी’ म्हणतात. 1997 पासून तो जागतिक वारसा आहे.

तिथलं सगळ्यात धडधाकट देऊळ कोंकोर्दियाचं. हे नाव जवळपास सापडलेल्या एका लॅटिन शिलालेखावरून पुढे चिकटलं. मूळ देव कोणता होता ते कोणालाच ठाऊक नाही. इ.स.पू. 440 ते 430 च्या सुमाराचं बांधकाम, दर्शनी बाजूला सहा खांब, लांबीला तेरा, मधाच्या रंगाचा दगड. तोंड पूर्वेला. मी आयुष्यभर पुस्तकातल्या चित्रांवर बोट ठेवून मुलांना ग्रीक देवळं दाखवली, आणि आता तसं एक देऊळ समोर होतं. वाटेच्या कडेला कण्हेर फुललेली होती, आपल्याकडची गुलाबी कण्हेरच. झाडाखाली ताजी फुलं पडली होती. त्यातलं एक उचललं. तोडलं नाही, उचललं. देवळापुढे दोरी लावलेली असते, पायऱ्यांवर जाता येत नाही. त्या दोरीच्या अलीकडे एक सुटा दगड होता, त्यावर फूल ठेवलं आणि हात जोडले. एवढंच.

गाईड बोलता बोलता थांबला. चालत आला, वाकला, ते फूल दोन बोटांत धरून उचललं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मॅडम, हे आता देऊळ राहिलेलं नाही. हे स्मारक आहे.” आणि फूल बाजूच्या गवतात टाकून दिलं. एक बाई हसल्या. त्यांच्या नवऱ्याने माझा फोटो काढला. लेक माझ्या बाजूने काही बोलायला गेली, मी तिचा हात धरला.

तिथून पुढचं त्याचं बोलणं मी खरं तर कान देऊन ऐकलं, कारण तो चांगला माहितगार होता. आणि गंमत अशी की माझी बाजू त्यानेच मांडली, स्वतःच्या नकळत. तो म्हणाला, हे देऊळ इतकं शाबूत राहिलं कारण इ.स. 597 मध्ये ग्रेगरी नावाच्या बिशपने त्याचं चर्च केलं. खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंतींनी भरल्या, आतल्या गाभाऱ्याच्या भिंतींत बारा कमानी पाडल्या, आणि संत पीटर आणि पॉल यांच्या नावाने तिथे प्रार्थना सुरू झाली. ती पार अठराव्या शतकापर्यंत चालली. मग खांबांमधल्या भिंती पाडून मूळ ग्रीक रूप मोकळं केलं. गाभाऱ्यातल्या कमानी मात्र आजही आहेत, बाहेरूनही दिसतात.

आणि मग तो आम्हाला ऑलिंपियन झ्यूसच्या देवळाकडे घेऊन गेला. तिथे देऊळ नाहीच, नुसता दगडांचा पसारा आहे. इ.स.पू. 480 साली हिमेराच्या लढाईत कार्थेजचा पराभव झाल्यावर आक्रागासने हे उभारायला घेतलं. सुमारे 112 मीटर लांब, 56 मीटर रुंद, डोरिक पद्धतीच्या सगळ्यात मोठ्या देवळांपैकी एक. खांबांच्या मधे वरचा भार पेलणारे साडेसात मीटरचे दगडी पुरुष होते. इ.स.पू. 406 मध्ये कार्थेजवाले परत आले, शहर लुटलं, देऊळ अर्धंच राहिलं. पुढे भूकंपांनी ते खिळखिळं झालं, इ.स. 1401 मध्ये उरलासुरला भागही कोसळला, आणि अठराव्या शतकात त्याचे दगड गाड्यांवर घालून खाली समुद्रावर नेले आणि बंदराचा धक्का बांधला. तेच आजचं पोर्तो एंपेदोक्ले. त्या बंदरात जाऊन मी धक्क्याच्या दगडांकडे बराच वेळ बघत बसले होते. झ्यूसच्या देवळाला कोणी शिव्या दिल्या नाहीत. तिथे कोणी येईनासं झालं होतं, म्हणून ती दगडाची खाण झाली.

मग मला सांगा, ते फूल कुठे चुकलं? ज्या देवळात हजार-अकराशे वर्षं लोक गुडघे टेकत आले म्हणून ते उभं राहिलं, त्याच देवळापुढे कोणी हात जोडले की ते हसण्यावारी जातं. कोंकोर्दिया टिकण्याला आणखीही कारणं अभ्यासक देतात, बांधणीची, जमिनीची, ती मला मान्य आहेत. पण चर्च नसतं झालं तर त्याचेही दगड धक्क्यात गेले नसते असं कोण म्हणेल? सिराक्यूसचं कॅथेड्रल बघा. अथीनाच्या देवळाचे डोरिक खांब त्याच्या भिंतींत आजही दिसतात. आग्रिजेंतोत वरच्या गावात सांता मारिया देई ग्रेची नावाचं लहानसं चर्च आहे, तेही जुन्या ग्रीक देवळावरच उभं आहे, आणि त्या देवळाचे अवशेष अजून दिसतात. गाईडने ते आम्हाला दाखवलं नाही. त्याच्या फेरीत ते बसत नव्हतं.

दोन दिवसांनी रविवार होता. सान कालोजेरोचा उत्सव जुलैच्या पहिल्या रविवारी सुरू होतो आणि दुसऱ्या रविवारी संपतो. गावाचे अधिकृत संरक्षक संत हे नाहीत, ते सान जेरलांदो, अकराव्या शतकातले नॉर्मन काळातले बिशप, कॅथेड्रल त्यांच्या नावाचं. पण लोकांचा जीव कालोजेरोवर. हा संन्यासी समुद्रापलीकडून आला, शाक्काजवळच्या डोंगरातल्या गरम वाफेच्या गुहांमध्ये राहिला आणि आजाऱ्यांची सेवा करत तिथेच गेला अशी श्रद्धा आहे. त्याची मूर्ती काळी आहे. काळा चेहरा आणि पांढरीशुभ्र दाढी. पंढरपूरचा सावळा देव डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला ती मूर्ती परकी वाटूच शकत नाही.

सकाळपासून ढोल वाजत होते. ढोल वाजवणाऱ्यांना तिथे ‘ताम्मुरिनारा’ म्हणतात. बायका अनवाणी चालत देवस्थानाकडे येत होत्या, डांबर तापलेलं असताना. काहींच्या हातात नवसाचे पाव होते, हाताच्या, पायाच्या आकाराचे. जो अवयव बरा झाला त्याच्या आकाराचा पाव. आपल्याकडे नवसाला चांदीचे डोळे वाहतात, तसंच हे. दुपारी मूर्ती बाहेर आली आणि “व्हिवा सान कालो!” असा जो पुकारा उठला, त्याने माझ्या अंगावर काटा आला. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पुढून जाताना जो येतो तोच.

इथून पुढे जे पाहिलं त्याची मला कल्पना नव्हती. माणसं मूर्तीवर चढत होती. शब्दशः चढत होती. खांदेकऱ्यांच्या खांद्यावर पाय देऊन, संताच्या गळ्यात हात टाकून, गालाचा मुका घेत होती. रुमालाने त्याच्या कपाळावरचा घाम पुसत होती, जणू काही उन्हात फिरून तोही दमला आहे. तान्ही मुलं हातोहात वर पोचवली जात, संताच्या तोंडाशी टेकवली जात आणि रडत खाली येत. मी कडेला उभी होते. घामेजलेला एक पोरगा मूर्तीकडे निघाला होता. माझ्या हातात रुमाल दिसला, त्याने हात पुढे केला. मी दिला. तो वर चढला, माझा रुमाल संताच्या कपाळावरून, दाढीवरून फिरवला, खाली उतरला आणि गर्दीतून वाट काढत परत आणून माझ्या हातात ठेवला. तू कोण, कुठली, कोणत्या धर्माची, एका शब्दाने विचारलं नाही. दोन दिवसांपूर्वी फुलामुळे जो अपमान गिळला होता, तो तिथे रस्त्यात डोळ्यांवाटे बाहेर आला. लेक म्हणाली, “आई, बस ना जरा सावलीत.”

पण पावांचं काय करावं ते मला आजही समजत नाही. मिरवणूक जाताना लोक गच्च्यांवरून, रस्त्यातून मूर्तीवर पाव फेकतात. काही झेलले जातात, बरेच खाली पडतात आणि पायदळी तुडवले जातात. मी अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात वाढले. भाकरीचा तुकडा ताटात टाकला म्हणून आजोबांनी दुसऱ्या दिवशी जेवायला दिलं नव्हतं. संध्याकाळी गटाराच्या कडेला पावांचा लगदा पडलेला बघून माझा जीव तुटला. आमच्या घरमालकीणबाईंना मी लेकीकडून विचारलं. त्या म्हणाल्या, फार पूर्वी प्लेग आला होता, संत दारोदार फिरून आजाऱ्यांसाठी पाव मागत असे, आणि लोक संसर्गाच्या भीतीने दार न उघडता खिडकीतूनच फेकत. त्याची ही आठवण. धर्मगुरूंना हे फेकणं पसंत नाही, हेही त्यांनी सांगितलं, आणि वर म्हणाल्या, “पण संत आमचा आहे.”

गोष्ट सुंदर आहे. तरी मला पटलं नाही. त्या रात्री मी लेकीला म्हणाले, जिथे अजून कितीतरी माणसं उपाशी आहेत त्या जगात हे बंद व्हायला हवं. ती म्हणाली, “जेजुरीला खोबरं उधळतात ते?” मी गप्प बसले. जेजुरीला मी स्वतः खोबरं-भंडारा उधळला आहे आणि तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं.

मग तिने दुसरं विचारलं, जास्त अवघड. “वर्षाला लाखो माणसं कोंकोर्दिया बघायला येतात. प्रत्येकाने एकेक फूल ठेवलं, कोणी उदबत्ती लावली, कोणी तेल घातलं, तर?” हा प्रश्न मी वर्गात मुलांना घालत आले आहे. हेमाडपंती देवळांच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासतात, मूर्तींचे नाकडोळे शेंदराखाली बुजतात, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा लावतात, ते बघून मी कितीदा संतापले आहे. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक दिसला की मला हायसं वाटतं. आणि त्याच मी एका गाईडवर चिडले कारण त्याने स्मारकापुढून फूल उचललं. दोन्ही राग माझेच आहेत आणि दोन्ही मला खरे वाटतात.

पण दोन्ही एकत्र नांदू शकतात हे आपल्याच राज्यात दिसलं आहे. 1060 साली बांधलेलं अंबरनाथचं शिवमंदिर संरक्षित आहे आणि तिथे पूजाही होते. पंढरपूरला 2024 मध्ये विठ्ठल मंदिरातल्या नंतरच्या फरशा वगैरे काढून मूळ दगड मोकळा केला. त्या काळात पदस्पर्शदर्शन काही आठवडे बंद ठेवलं आणि काम झाल्यावर पुन्हा सुरू केलं. म्हणजे जपणारा आणि भजणारा एकमेकांशी बोलले तर मार्ग निघतो. आग्रिजेंतोत निदान वर्षातून एक दिवस, दोरीच्या अलीकडे, ज्याला हात जोडायचे त्याने जोडावेत, फूल ठेवायचं त्याने ठेवावं, संध्याकाळी झाडून घ्यावं. एवढं मागणं मला जास्त वाटत नाही.

सिसिलीला जाणाऱ्या आपल्या लोकांना सांगणं एवढंच आहे. बसने येऊन दोन तासांत देवळांसमोर फोटो काढून परत जाऊ नका. जुलैच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पोचा, वर टेकडीवरच्या गावात राहा, सांता मारिया देई ग्रेचीमध्ये जा, व्हिया आतेनेआवर उभं राहून मिरवणूक बघा, एक रुमाल जवळ ठेवा. आणि पाणी जपून वापरा. आग्रिजेंतोत नळाला पाणी रोज येत नाही, पाळीने येतं, म्हणून घराघरावर टाक्या आहेत. 2024 च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून तिथल्या काही लहान हॉटेलवाल्यांना पाहुणे परत पाठवावे लागले. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. बाकीच्यांनी शॉवर विसरावा आणि बादलीने आंघोळ करावी.