दोरीची ढील

भीमा आणि नीरा या नद्यांच्या मधला जो मुलूख जुन्या दफ्तरांत भीमथडी या नावाने नोंदलेला आहे, तेथे आज ऊस पिकतो आणि साखर कारखान्यांची धुराडी दिसतात. पण एके काळी मराठ्यांच्या पागांना ज्या लहानखुऱ्या, काटक, खडकाळ वाटेवरही पाय न चुकणाऱ्या घोड्यांचा पुरवठा या थडीवरून होत असे, त्यांचे वंशज पाहावयाचे असल्यास मेंढरांमागून रस्त्याच्या कडेने चाललेल्या धनगरांच्या वाड्याकडेच दृष्टी वळवावी लागते. अशाच एका वाड्यावरून घेतलेल्या घोडीपासून आमच्या तबेल्याचा वंश सुरू झाला, आणि तिच्या व तिच्या लेकींच्या पोटची शिंगरे मी वाढवीत आलो आहे. तबेला म्हणण्याइतका बडेजाव येथे नाही. पत्र्याच्या छपराखाली चार ठाणी, नदीकडील उतारावर एक कुरण, लसूणघासाचे थोडे वाफे, आणि माझ्या वडिलांच्या वेळेपासून खरारा हातात घेतलेला एक वृद्ध मोतद्दार, एवढाच सारा सरंजाम. सध्या माझ्यापाशी तीन वर्षे पुरी करून चवथ्यात पाऊल टाकलेला एक कुमाईत घोडा आहे. त्याला वाढविताना जे हाताला कळले, ते मांडण्याचा येथे विचार आहे.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि विण्यासाठी बहुधा रात्रीचा, माणसांची वर्दळ थांबलेला प्रहर निवडते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळाला लागावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, हा पशुवैद्यांचा दस्तूर अनुभवी माणसाने घड्याळ समोर ठेवूनच पाळावा, कारण यांपैकी एकही मुदत टळली तर डॉक्टरला उठविण्यास संकोच करून चालत नाही. गर्भात असताना शिंगराला आईच्या रक्तातून रोगाशी झुंजण्याचे बळ मिळत नाही. ते सारे पहिल्या चिकातून मिळते, आणि ते शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची शक्ती दिवसभरात संपुष्टात येते. म्हणून त्या रात्री माणसाचे काम नाळेला आयोडीन लावणे, चीक पोटात गेला की नाही याची खात्री करणे आणि त्यानंतर बाजूला होणे, इतकेच असते. अमेरिकेतील रॉबर्ट मिलर नावाच्या पशुवैद्याने शिंगरू जन्मताच त्याचे अंग सर्वत्र चोळून, कान-खूर हाताळून त्याला माणसाळविण्याची पद्धत प्रचारात आणली, आणि ती काही काळ पुष्कळ गाजलीही. परंतु पुढे झालेल्या पद्धतशीर चाचण्यांत तिचा टिकाऊ लाभ दिसून आला नाही. मला स्वतःला ती प्रथमपासूनच पटली नव्हती. आईने चाटून कोरडे करावयाच्या देहावर मालकाने आपला हक्क सांगण्यात काहीसा उतावीळपणा आहे.

धनगरांचे शिंगरू कोणी शिकवीत नाही, तरीही ते शिकलेले असते, ही गोष्ट माझ्या मनात फार दिवस घोळत होती. दसरा-दिवाळीनंतर त्यांचे वाडे कोकणच्या वाटेला लागतात आणि पावसाळ्यापूर्वी पठारावर परततात. त्या सबंध वाटचालीत घोडीच्या पाठीवर भांडीकुंडी, वाकळा, चालू न शकणारी कोकरे, क्वचित एखादे मूल असते, आणि तिच्या मागे तिचे शिंगरू मोकळे चालत असते. ओढा, पूल, मोटारींचा कर्णा, कुत्री, बाजारातील गर्दी, घाटातील निसरडी फरशी, हे सारे त्याच्या वाट्याला आईच्या सावलीत येते, आणि आई बिचकत नाही म्हणून तेही बिचकत नाही. आमच्या तबेल्यात ही शाळा नाही. म्हणून घोडीला रोज कुरणाबाहेर, सडकेवर, नदीच्या पात्रात मुद्दाम फिरवावे लागते, शिंगरू मागून येऊ द्यावे लागते, आणि त्या फेऱ्यांना काम म्हणून मान द्यावा लागतो. शेजारी त्याला रिकामपणाचा उद्योग समजतात.

मोरखी घालण्याची वेळ आली म्हणजे मात्र खरी परीक्षा सुरू होते, आणि ती बहुतांशी माणसाची असते. शिंगराच्या डोक्याला दोरी लावून ती पुढे ओढली की ते मागे रेटते; अधिक ओढली की अधिक रेटते; आणि त्यात त्याचा हट्ट नसून देहाचा धर्म आहे, कारण अंगावर आलेल्या दाबाविरुद्ध उलट दाब देणे ही त्याची उपजत प्रवृत्ती. कोवळ्या मानेचे बळ कमी असते म्हणून माणूस पहिल्या झटापटीत जिंकतो, क्वचित शिंगरू उलटे पडून मानेला इजाही होते, आणि जिंकलेल्या माणसाला वाटते की शिंगरू दोरीवर चालावयास शिकले. वास्तविक ते ओढण्यास शिकलेले असते. आमचा मोतद्दार यासाठी एक मऊ दोर शिंगराच्या पुठ्ठ्यामागून घेऊन त्याची टोके आपल्या उजव्या हातात धरतो, मोरखीची दोरी डाव्या हातात सैल ठेवतो, आणि मागच्या दोराने इतकीच सूचना देतो की शिंगराला पुढे सरणे मागे राहण्यापेक्षा सोयीचे वाटावे. त्याने एक पाऊल टाकले, किंबहुना टाकण्याच्या विचाराने वजन पुढे घेतले, की त्याच क्षणी दोन्ही हात ढिले.

तो क्षण साधणे हीच या धंद्यातली कारागिरी आहे, आणि बाकीच्या अवजारांचा, लगामांचा, चाबकांचा, खोगिरांचा जमाखर्च त्या एका बाबीपुढे किरकोळ आहे असे माझे मत होऊन बसले आहे. दाब शिकवीत नाही. दाब सुटतो तेव्हा घोड्याला जे कळावयाचे ते कळते. तुम्ही दोरी ओढली आणि घोडा पुढे आला, पण तुम्ही ओढतच राहिलात, तर पुढे येण्याने काही साधत नाही एवढाच अर्थ त्याने घ्यावा. आणि घोडा मागे रेटत असताना कंटाळून तुम्ही दोरी सोडलीत, तर रेटल्याने सुटका होते हा धडा त्याने आयुष्यभर लक्षात ठेवावा, यात त्याचा दोष तो कोणता? माझ्या हाती दोरी प्रथम आली तेव्हा मोतद्दार एवढेच म्हणाला होता, "धाकटे मालक, दोरी ओढू नका, नुसती धरा." तेव्हा ते मला आळशी माणसाचे बोलणे वाटले होते.

ही ढील देण्यास हात तयार व्हावा लागतो, आणि हात लवकर तयार होत नाही, कारण माणसाच्या हाताला पकडण्याची सवय जन्मतःच असते. शिंगराच्या हालचालीच्या नंतर ढिला होणारा हात उशिरा ढिला झालेला असतो. तो हालचालीबरोबर ढिला व्हावा लागतो, आणि त्यासाठी शिंगराच्या खांद्यावर, कानावर, श्वासावर नजर ठेवावी लागते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसते. कपाळासमोरचा थोडासा टापू आणि शेपटीमागचा पट्टा एवढाच त्याच्या नजरेबाहेर राहतो. म्हणून त्याच्याकडे सरळ समोरून हात पुढे करून जाणारा प्रेमळ माणूस त्याला भयंकर वाटतो आणि खांद्याच्या अंगाने तिरके येणारा अनोळखी माणूस चालतो. डाव्या बाजूने शिकवलेले उजव्या बाजूने पुन्हा शिकवावे लागते. डावीकडून खोगीर मुकाट्याने घेणारा घोडा उजवीकडून तेच खोगीर दिसताच उधळतो, हे पाहिलेला माणूस पुढे दोन्ही बाजूंना सारखीच मेहनत घेतो.

खुरांविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचा मोह आवरत नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची जी रचना दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमल्याचे सांगून तितक्याच घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद असल्याचे नमूद केले आहे. फौजेचा तक्ता मांडताना पाणी आणि खूर यांची तजवीज हवालदाराच्या जोडीने लिहिली जावी, यावरून ती व्यवस्था घोडा ओळखणाऱ्या माणसाने केली होती हे उघड आहे. ग्रीक सेनानी झेनोफोनही अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथात घोडा पारखताना पायांपासून, आणि त्यातही खुरांपासून, आरंभ करतो. शिंगराचे खूर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वाढतात, आणि एका अंगाने अधिक झिजले तर वर वाढणारे कोवळे हाड त्या तिरकेपणाला धरून वाढते. पायाच्या खालच्या भागातील हाडांची वाढ वर्षभरातच थांबत असल्यामुळे तेथील वाकडेपणा पुढे कोणत्याही नालाने निघत नाही. म्हणून नालबंद आमच्याकडे शिंगरू दोन महिन्यांचे झाल्यापासून येतो. नाल मारण्यास नव्हे, कानस फिरविण्यास. तो येण्यापूर्वी पाय उचलून देण्याची सवय आपण लावून ठेवावयाची असते, आणि तेथेही तोच नियम: पाय हिसकावीत असताना सोडावयाचा नाही, क्षणभर स्थिर राहिला की लगेच खाली ठेवावयाचा.

चंदीच्या बाबतीत आमचे आणि बाजाराचे कधी जुळले नाही. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा जो मोठा बाजार भरतो, तेथे गिऱ्हाइकाचे डोळे प्रथम अंगावरच्या चकाकीवर, मग भोवऱ्यांवर, पंचकल्याणी आहे काय यावर, आणि सरतेशेवटी दातांवर जातात. पायांकडे पाहणारा विरळा. साहजिकच विकणारा शिंगराला भिजवलेला हरभरा, गूळ, तूप, कोंडा यांचा मारा करून यात्रेपूर्वी गुटगुटीत करतो. अशा पोसलेल्या शिंगराचे सांधे सुजतात, हाडांच्या टोकांची वाढ बिघडते, आणि कोंड्यातील स्फुरदाच्या आधिक्याने हाडांतील चुना कमी होतो. पण ते उमगेपर्यंत व्यवहार पुरा झालेला असतो. घोड्याला ओकता येत नाही, त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि निसर्गाने त्याला दिवसातील बहुतेक वेळ थोडे थोडे चरत राहण्यासाठी घडविले आहे. एकदम भरलेला तोबरा म्हणजे पोटशुळाला आमंत्रण. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या बाजूस छावणीला असलेल्या पागेच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र रयतेला उपद्रव न देण्याच्या ताकिदीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच. पण घोडेवाल्याने ते वाचावे ते त्यातील दाणावैरणीच्या हिशेबासाठी. साठा आताच उधळलात तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, गवताजवळ विस्तव नेऊ नका, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेतो: राज्य उभारणारा पुरुष उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो, हे वाचून मी आमच्या कडब्याच्या गंजीजवळचा दिवा हलवला होता.

दूध तोडणे सहाव्या महिन्याच्या सुमारास होते. दोन-चार रात्री ओरड चालते, मग थांबते. दीड वर्षाच्या आगेमागे आख्ता करावयाचा की वळू राखावयाचा हा निर्णय येतो, आणि येथे मालकाच्या अभिमानाची बाधा फार होते. ज्याच्या हाती कुंपण मजबूत नाही, माणसे थोडी आहेत आणि घोड्या शेजारीच बांधलेल्या आहेत, त्याने वळू राखण्याची हौस करू नये. आमचा कुमाईत आख्ता आहे. त्याबद्दल पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली, पण ती करणाऱ्यांपैकी कोणालाही त्याला पाण्यावर न्यावे लागत नाही.

पाठीवर वजन केव्हा घालावे याविषयी वाद मिटण्यासारखा नाही. शर्यतींच्या जगात दोन वर्षांची शिंगरे धावतात, त्याची कारणे पैशाची आहेत. गुडघ्यावरच्या हाडाची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास पुरी होते आणि पाठीच्या कण्याची तर पाच वर्षांनंतर. तेव्हा जे अंग सर्वांत उशिरा पिकते त्याच्यावरच आपण बसतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे घाई आपोआप कमी होते. याच काळात दातही बदलत असतात: मधले दोन अडीच वर्षांना, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड भरते. कडियाळे तोंडात घेताना डोके झटकणाऱ्या कोवळ्या घोड्याला उद्दाम ठरविण्यापूर्वी त्याच्या हिरड्या पाहाव्यात. मी पहिले वर्षभर मोरखीवरच काम घेतो. लांब दोरीवर काव्याला धरतो, पण थोडाच वेळ, कारण लहान वर्तुळात सतत फिरविल्याने सांध्यांवर तिरका ताण येतो. मग पाठीवर घोंगडीची घडी, तीही त्याने हुंगून झाल्यावर. मग रिकिबी काढलेले खोगीर. तंग एकेका भोकाने. आणि कित्येक दिवसांनी कोणीतरी हलका मुलगा पोटावर आडवा पडतो व उतरतो. पहिली स्वारी पाहावयास गावातील मंडळी जमतात आणि काहीच घडत नाही म्हणून निराश होऊन परत जातात.

सध्या आमचा वाद आहे तो तालुक्याच्या गावातील एका चाबुकस्वाराशी. त्याला हा घोडा पाहिजे. रहवाल चालीवर काढतो, हलगीवर नाचवितो, लग्नसराईत किंमत दुप्पट करून देतो, असे त्याचे म्हणणे. माणूस हुन्नरी आहे यात शंका नाही, पण त्याच्या दाराशी दोन खांबांत आवळलेली, काटेरी कडियाळ्याने फेसाळलेली तोंडे मी पाहिली आहेत, आणि ज्या हाताला ढील माहीत नाही त्या हातात हे तोंड देण्यास मन धजत नाही. उलट यंदा दिवाळीनंतर हा घोडा मूळ घोडीच्या वाड्याबरोबर कोकणात पाठवावा असे मी ठरवीत आहे. पाठीवर वाकळांपलीकडे ओझे घालावयाचे नाही एवढी अट त्या मंडळींनी मान्य केली आहे. मोतद्दार खूश आहे. घरच्या मंडळींच्या मते मी हातची किंमत घालवीत आहे, आणि हिशेबाच्या वहीपुरते त्यांचे बरोबरही आहे. नालबंदाला निघण्याच्या आठवडाभर आधी येण्यास सांगितले आहे. घाटासाठी पुढच्या दोन पायांनाच नाल मारावेत की चारही, यावर तो आणि मोतद्दार अजून एकमताला आलेले नाहीत.